एक खाते, दोन रसिक

पती आणि पत्नी एका घरात राहतात, एका चुलीवरचे अन्न खातात, एकाच शिधापत्रिकेवर धान्य आणतात. परंतु दोघांना एकच गाणे सारखेच आवडते, असे क्वचितच घडते. यात नवे काही नाही. नवी आहे ती त्यातून उद्भवलेली अडचण. आज घरोघरी गाणी ऐकली जातात ती मोबाइल फोनवर, एखाद्या संगीतसेवेची वर्गणी भरून. वर्गणी बहुधा एकच असते, खाते एकाच्या नावाचे असते, आणि ऐकणारी माणसे असतात दोन. समजा, सकाळी पतीने बालगंधर्वांची पदे ऐकली आणि दुपारी पत्नीने बेगम अख्तर यांच्या गझला ऐकल्या. सायंकाळी खाते उघडून पाहावे, तो ना धड नाट्यसंगीत, ना धड गझल, अशी तिसरीच खिचडी यंत्राने शिजवून पुढे ठेवलेली असते. दोघांनीही ती मागितलेली नसते, आणि तक्रार कोणाकडे करावी हेही त्यांना कळत नाही.

हा प्रश्न केवळ यंत्राचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः तो फार जुना आहे. एका छपराखाली दोघांचे दोन संग्रह कसे नांदवावेत, त्यांतील कोणते कोणाचे हे कसे ओळखावे, आणि एकाच्या पश्चात दुसऱ्याच्या हाती काय उरावे, हा तो प्रश्न होय. त्याचा इतिहास पाहावयाचा असेल, तर तापीकाठच्या बुऱ्हाणपूरइतके सोयीचे गाव शोधूनही सापडणार नाही.

फारुकी सुलतानांची ही राजधानी. सूफी संत शेख बहाउद्दीन बाजन येथेच स्थायिक झाले आणि 1506 साली येथेच निवर्तले. त्यांच्या ‘जिकऱ्या’ गाण्यासाठी रचलेल्या होत्या. पुढे सोळाव्या शतकात याच फारुकी घराण्यातील बुऱ्हाणखानाच्या आश्रयास कर्नाटकातून एक पंडित आला. त्याचे नाव पुंडरीक विठ्ठल. दक्षिणेचे संगीतशास्त्र पाठीशी बांधून आलेल्या या पंडिताने उत्तरेचे राग ऐकले, दोन्ही परंपरांची सांगड घालण्याचा यत्न केला आणि ‘सद्रागचंद्रोदय’ हा ग्रंथ लिहिला. खानदेशातून तो पुढे उत्तरेकडे गेला आणि तेथे त्याने ‘रागमाला’ लिहिली. तीत सहा पुरुषराग आहेत, आणि प्रत्येकाच्या पाच भार्या व पाच पुत्र आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी जुन्या संगीतग्रंथांचा तौलनिक अभ्यास केला, तेव्हा पुंडरीकाचे ग्रंथ पुन्हा चर्चेत आले.

या राग-रागिणींच्या संसाराकडे आजचा संगीतशास्त्रज्ञ कदाचित हसून पाहील. स्वरांची लग्ने लावून शास्त्र सिद्ध होत नाही, हे भातखंड्यांनीही दाखवून दिले. तथापि त्या कल्पनेत एक सूक्ष्म व्यवहारज्ञान आहे. रागिणी ही रागाच्या कुटुंबातील खरी. पण तिचे नाव निराळे, रूप निराळे, गाण्याची वेळही निराळी. कुटुंब एक म्हणून तिचे स्वर पतीच्या स्वरांत मिसळून टाकावेत, असे कोणत्याही शास्त्रकाराने सांगितले नाही. आजच्या आमच्या खात्यांना एवढे तारतम्य नाही.

संगीताकडून आता ग्रंथांकडे वळू. कारण संग्रह कसा राखावा ही विद्या माणसाने प्रथम ग्रंथांच्या बाबतीत आत्मसात केली. अकबराचा सेनापती अब्दुर्रहीम खानखानान याने आपल्या आयुष्याची कित्येक वर्षे दक्षिणेच्या सुभ्यावर, बुऱ्हाणपुरात काढली. हिंदी दोह्यांमुळे जो आपणांस ‘रहीम’ म्हणून परिचित आहे, तोच हा. त्याचा ग्रंथसंग्रह आणि त्या संग्रहात राबणारे लेखक, चित्रकार व जिल्दसाज यांची हकीकत अब्दुल बाकी नहावंदी याच्या ‘मआसिर-इ-रहीमी’ या ग्रंथात आली आहे. तो ग्रंथ 1616 साली पुरा झाला.

रहीमच्या संग्रहातील एक पोथी आपल्या विषयाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. अकबराने रामायणाचा फारसी अनुवाद करविला, आणि त्याची सचित्र प्रत 1588 साली तयार झाली. ही बादशहाची प्रत. अकबराची आई हमीदाबानू बेगम हिच्याजवळ याच अनुवादाची स्वतःची निराळी सचित्र प्रत होती. तिची तारीख 1594. रहीमने बादशहाची प्रत पाहिली, तिच्यावरून स्वतःसाठी आणखी एक प्रत करविण्याची परवानगी घेतली आणि 1597 पासून 1605 पर्यंत हे काम चालविले. ही हकीकत त्याने स्वतःच आपल्या पोथीवर लिहून ठेवली आहे. आज बादशहाची प्रत जयपूरची, बेगमेची कतारमधील दोहाची आणि रहीमची वॉशिंग्टनची म्हणून ओळखली जाते. कथा एकच, अनुवाद एकच. तरीही आईची पोथी निराळी, मुलाची निराळी, सरदाराची निराळी. एक प्रत सिद्ध होण्यास वर्षानुवर्षे लागत आणि द्रव्य पाण्यासारखे खर्च होई, अशा काळात ही माणसे म्हणत होती की मला माझी प्रत हवी. आज एका गाण्याची दुसरी प्रत करण्यास निमिषही लागत नाही. आणि तरीही दोन माणसांना मिळून एकच कपाट दिले जाते, ही गंमत नव्हे काय?

एकच कपाट दोघांनी वापरले म्हणजे काय होते, याचेही उदाहरण रहीमच्याच नात्यात आहे. रहीमचा पिता बैरमखान 1561 साली पाटण येथे मारला गेला. त्याची पत्नी, म्हणजे रहीमची सावत्र आई, सलीमा सुलतान बेगम हिच्याशी पुढे अकबराने विवाह केला. ही बेगम मोठी वाचनप्रिय. तिला बादशाही ग्रंथालयातील ‘खिरद-अफ्जा’ हे पुस्तक वाचावयाचे होते. हा सिंहासनबत्तिशीचा फारसी अनुवाद. तो इतिहासकार बदायुनी याने केला होता. पाहावे तो पुस्तक जागेवर नाही! बादशहाने बदायुनीकडे विचारणा केली, त्याची उपजीविकेची नेमणूक थांबविण्याचा हुकूम सुटला आणि पुस्तक त्याच्याकडून वसूल करावे असे ठरले. ही हकीकत खुद्द बदायुनीनेच आपल्या इतिहासात दुःखाने नमूद केली आहे. ग्रंथालय एक, वाचणारे अनेक, आणि कोणी काय नेले याची नोंद नीट नाही. अशा स्थितीत एका गहाळ पुस्तकापायी एका विद्वानाच्या पोटावर गदा आली.

ग्रंथांचे झाले, आता पाण्याची एक गोष्ट. ती बुऱ्हाणपुरात आलेल्या प्रत्येक पाहुण्यास दाखविली जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भूमिगत मार्गाने शहरास पुरविण्याची योजना येथे मोगल अमदानीत झाली. तिचा काळ 1615 च्या सुमाराचा सांगतात. कुंडी भंडारा या नावाने ती प्रसिद्ध आहे. जमिनीखालून एक प्रवाह वाहतो आणि त्यावर ठराविक अंतराने शंभरावर कुंड्या, म्हणजे विहिरींसारखी उभी तोंडे, खोदलेली आहेत. पाणी केवळ उताराने वाहते. मोट नको, रहाट नको. वरून पाहणाऱ्याला प्रत्येक कुंडी स्वतंत्र दिसते. पण आत उतरावे तो प्रवाह एकच. म्हणून वरच्या अंगाच्या कुंडीत कोणी काही टाकले, तर ते खालच्या अंगास गेल्यावाचून राहावयाचे नाही.

सामायिक संगीतखात्याची घडण नेमकी अशीच आहे. वरून पाहता पतीची यादी निराळी, पत्नीची यादी निराळी. परंतु खाली प्रवाह एकच. यंत्र याद्यांची नावे वाचून थांबत नाही. कोणते गाणे किती वेळा ऐकले, कोणते मध्येच सोडले, कोणते पुन्हा लावले, याचा हिशेब ते ठेवते आणि त्या हिशेबावरून पुढचे गाणे सुचविते. ही विद्याही आता तीन दशकांची झाली. 1994 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत ‘रिंगो’ नावाची एक योजना तयार झाली. श्रोत्याने आपल्या आवडीनिवडी कळवावयाच्या, आणि ज्यांची आवड त्याच्याशी जुळते अशा इतर श्रोत्यांना काय रुचले, ते त्यास सुचवावयाचे, अशी ती कल्पना. तिच्या मुळाशी एक गृहीत होते: एक खाते म्हणजे एक मनुष्य. दोन माणसांनी एक खाते वापरले, की यंत्राच्या दृष्टीने तिसराच एक मनुष्य जन्मास येतो. तो पतीही नसतो आणि पत्नीही नसतो. आणि यंत्र इमानाने त्या अस्तित्वात नसलेल्या मनुष्याचे मनोरंजन करीत बसते.

पूर्वीच्या यंत्रांत असे होत नव्हते. नोव्हेंबर 1902 मध्ये फ्रेड गेसबर्ग याने कलकत्त्यास गौहरजानचे गायन ध्वनिमुद्रित केले आणि आपल्याकडे तबकडीचे युग सुरू झाले. तबकडी ही हातात धरण्याची वस्तू होती. एका बाजूस तीनेक मिनिटांचे गाणे, मध्ये कागदी चकती, वर पुठ्ठ्याचे वेष्टन. त्या वेष्टनावर नाव घातले की मालकी ठरली. यंत्र एक असले तरी तबकड्यांचे कप्पे दोन करता येत. ग्रामोफोनला कोणाची आवड लक्षात ठेवण्याची शक्ती नव्हती, हा त्याचा गुणच म्हणावा लागेल.

पुढे 23 जुलै 1927 रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. रेडिओ घरात एकच असे. त्याला परवानाही लागे. अर्थात भांडणे होतच. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली. तेव्हा तरुण मंडळी रेडिओ सिलोनकडे वळली, आणि वडीलधाऱ्यांनी शास्त्रीय संगीताचा आग्रह धरला. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली, तेव्हा कोठे या घरगुती लढाईत तह झाला. परंतु या भांडणात एक निरोगीपणा होता. काटा कोणी फिरविला हे सर्वांना दिसत असे. फर्माइशीच्या कार्यक्रमात तर गाण्याबरोबर ते मागणाऱ्याचे नाव आणि गावही वाचून दाखवीत. आवड आणि आवडणारा मनुष्य यांची फारकत झालेली नव्हती.

त्यानंतर आली कॅसेट. फिलिप्स कंपनीने ती 1963 साली काढली, आणि आपल्याकडे 1980 नंतरच्या दशकात ती खेडोपाडी पोहोचली. कोऱ्या कॅसेटवर आपल्या निवडीची गाणी भरून घ्यावीत, आतल्या कागदावर स्वतःच्या अक्षरात त्यांची नावे लिहावीत, हा तेव्हाचा छंद. ते अक्षर पाहिले की संग्रह कोणाचा हे निराळे सांगावे लागत नसे. निमाड आणि खानदेशाच्या सीमेवर तर हे संग्रह मोठे बहुरंगी असत. खांडवा हे किशोरकुमारांचे जन्मगाव, आणि 2003 पर्यंत बुऱ्हाणपूर त्याच जिल्ह्यात होते. तेव्हा त्यांच्या गाण्यांचा इकडच्या घरांना अभिमान वाटावा हे साहजिकच. त्यांच्या शेजारी मराठी भावगीते, कव्वाली, भजने आणि निमाडी लोकगीते अशी पंगत बसे. 1979 साली सोनी कंपनीने वॉकमन हे खिशातले यंत्र काढले. त्याच्या पहिल्या नमुन्यास कानांत घालावयाच्या तारांसाठी दोन भोके होती आणि ऐकता ऐकता एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक बटणही होते. म्हणजे हे यंत्र दोघांनी मिळून ऐकावे, ही कल्पना त्याच्या जन्मातच होती. पुढच्या नमुन्यांतून ती गळाली आणि गाणे एकट्याचे झाले.

1995 साली एम्पीथ्री हे नाव रूढ झाले आणि गाणे वस्तूतून मोकळे झाले. 2001 साली आयपॉड आला, 2003 साली आयट्यून्सचे दुकान उघडले. त्या काळी एका संगणकावर पतिपत्नींनी दोन संग्रह ठेवावयाचे म्हटले, तर आयट्यून्स उघडताना एक विशिष्ट कळ दाबून धरावी आणि आपला संग्रह निवडावा, अशी सोय होती. ती थोड्यांनाच ठाऊक असे. परंतु निदान गाण्यांच्या प्रती आपल्या संगणकावर होत्या. आपल्याकडे 2007 साली सावन, 2010 साली गाना आणि फेब्रुवारी 2019 मध्ये स्पॉटिफाय या सेवा आल्या आणि तोही आधार गेला. आता आपण गाणे विकत घेत नाही. वर्गणी चालू असेतो ते ऐकण्याची अनुज्ञा घेतो.

येथे या प्रश्नाचे गंभीर अंग सुरू होते. शिफारशींची खिचडी झाली तर ती हसण्यावारी नेता येईल. परंतु ज्याच्या नावाचे खाते, ज्याचा दूरध्वनी क्रमांक आणि ज्याच्या हाती परवलीचा शब्द, त्याच्या अधीन दुसऱ्याचा सारा संग्रह राहतो, हे हसण्यासारखे नाही. आपल्या घरांतून हे खाते बहुधा पतीच्या नावाचे असते. पत्नीने दहा वर्षे एकेक गाणे वेचून जी यादी केली, ती कायद्याच्या दृष्टीने तिची नसतेच. वर्गणी थांबली, खाते बंद झाले, किंवा तो मनुष्यच गेला, म्हणजे ती यादीही जाते. अॅपल कंपनीने डिसेंबर 2021 पासून मृताच्या खात्यातील छायाचित्रे, पत्रे इत्यादी त्याने नेमलेल्या वारसास मिळण्याची सोय केली आहे. परंतु परवान्याने घेतलेली गाणी, चित्रपट व पुस्तके तीतून वगळली आहेत.

याच बुऱ्हाणपुरात 17 जून 1631 रोजी मुमताजमहल निवर्तली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिचे प्रथम दफन झाले आणि वर्षाअखेरीस तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. हे सर्वांस ठाऊक आहे. फारसे ठाऊक नसते ते हे, की तिची स्वतंत्र संपत्ती होती. ती मोजण्यात आली, तिचा अर्धा भाग थोरली कन्या जहाँआरा हिला मिळाला आणि उरलेला इतर अपत्यांत वाटला गेला. बादशहाची बेगम म्हणून तिचे धन बादशहाच्या खजिन्यात विरून गेले नाही. आपल्या धर्मशास्त्रातही स्त्रीधनाची कल्पना प्राचीन आहे. विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त तिचा विस्ताराने विचार केला आहे. इंग्रजी अमदानीत 1874 साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन स्त्रियांना तो आरंभी लागू नव्हता, त्यामुळे त्याचा लाभ मुख्यतः ख्रिस्ती व पारशी घरांपुरता राहिला. पण त्याने एक मोलाचे तत्त्व मान्य केले: विवाहित स्त्रीने नोकरीधंद्यातून, अथवा साहित्य, कला किंवा शास्त्र यांतील आपल्या कौशल्यातून जे मिळविले, ते तिचे स्वतःचे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने हिंदू स्त्रीला आपल्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. एवढा पल्ला गाठल्यावर, कपाटातील दागिना तिचा पण फोनमधील गाणे मात्र खातेदाराचे, ही स्थिती आपण मुकाट्याने पत्करावी काय?

सुदैवाने उपाय फार कठीण नाहीत. पहिला आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे दोघांची खाती निराळी करणे. 2015 साली आलेल्या अॅपल म्युझिकने कुटुंबासाठी अशी वर्गणी ठेवली की सहा जणांपर्यंत प्रत्येकास स्वतःचा संग्रह मिळावा. स्पॉटिफायने 2020 साली एका घरात राहणाऱ्या दोघांसाठी ‘ड्युओ’ ही वर्गणी काढली. तीत बिल एक, पण खाती दोन आणि शिफारशी दोन. एकट्याच्या खात्यावर दोघांनी एकाच वेळी गाणे लावले की एकाचे बंद पडते. तो वैतागही यात टळतो. दोन वर्गण्यांपेक्षा अशी जोडवर्गणी स्वस्त पडते. कुंडी भंडाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे, तर डोंगर एकच राहू द्यावा; प्रवाह मात्र दोन करावेत.

ज्यांना हा खर्च नको असेल, त्यांनी एका खात्यातही शिस्त पाळता येते. प्रत्येकाने स्वतःच्या नावाची निराळी यादी करावी. ‘आवडती गाणी’ या एकाच ढिगात सर्व टाकू नये. स्पॉटिफायमध्ये एखादी यादी आपल्या आवडीच्या हिशेबातून वगळण्याची सोय आहे, आणि काही वेळ हिशेबाबाहेर राहून खासगी रीतीने ऐकण्याचीही आहे. मुलांची बडबडगीते लावताना तिचा विशेष उपयोग होतो. तिसरी एक यादी दोघांची असावी, आणि तीत दोघांनीही भर घालावी. पुढे खाती विभक्त करावयाची झाली, तर यादी दुवा पाठवून दुसऱ्या खात्यात उतरवून घेता येते. मात्र हे काम जुने खाते चालू असतानाच करावे.

शेवटचा उपाय अगदी साधा आहे. आपल्या यादीतील गाण्यांची नावे, गायक आणि चित्रपट किंवा रचनाकार यांच्यासह, वर्षातून एकदा एका वहीत उतरवून ठेवावीत. सेवा बदलतील, कंपन्या बुडतील, परवलीचे शब्द विसरले जातील, वही राहील. रहीमने आपली पोथी कशी सिद्ध झाली हे पोथीवरच लिहून ठेवले, म्हणून चार शतकांनंतर ती कोणाची हे आपण निःशंकपणे सांगू शकतो. तशी नोंद घरातील प्रत्येक माणसाच्या नावे असावी. विशेषतः जिच्या नावावर खाते नाही, तिच्या नावे ती असावीच. आणि ती तिच्याच हस्ताक्षरात असावी.